बंदूक घ्यायला गेलो आणि ‘डिलेड’ आलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी शिकारीसाठी, कुणी रेंजवर नेमबाजीसाठी, तर कुणी घरात असावी म्हणून बंदूक घ्यायला जातं. फॉर्म भरून होतो, क्रेडिट कार्ड खिशातून बाहेर आलेलं असतं, आणि काउंटरमागचा माणूस फोन ठेवून म्हणतो, ‘‘डिलेड.’’ त्यानंतर माझा फोन वाजतो. मी बरीच वर्षं रेंजवर जातो आणि स्वतः दोनदा असा लटकलोय, एवढ्या भांडवलावर मित्रांनी मला या विषयातला जाणकार करून टाकलं आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी वकील नाही. जुनी केस किंवा व्हिसाची गुंतागुंत असेल तर हे वाचून निर्णय घेऊ नका, वकील गाठा.

दुकानात नेमकी कसली तपासणी होते?

परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घ्यायची तर आधी फॉर्म ४४७३ भरावा लागतो. हा बंदुकांच्या विक्रीवर देखरेख करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याचा फॉर्म. नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, उंची, वजन, नागरिकत्व, आणि मग हो-नाही प्रश्नांची रांग. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, तसा खटला चालू आहे का, पोलिसांना चुकवून फिरता आहात का, अमली पदार्थ घेता का, घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलात का, कोर्टाने मनोरुग्णालयात पाठवलं होतं का, वगैरे. यातल्या बहुतेक गोष्टींची मुळं १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात आहेत.

दुकानदार ओळखपत्र बघतो आणि तुमची माहिती फोनवरून किंवा संगणकावरून एफबीआयच्या एनआयसीएस या यंत्रणेकडे पाठवतो. बोलताना सगळे तिला ‘निक्स’ म्हणतात. तिचं कार्यालय वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला आहे. तिथे तुमचं नाव आणि जन्मतारीख तीन ठिकाणी शोधतात: सगळ्या राज्यांतल्या अटका-शिक्षांची केंद्रीय सूची, वॉरंटं आणि संरक्षण आदेश ज्यात असतात ती एनसीआयसी, आणि बंदूक बाळगायला बंदी असलेल्यांची निक्सची स्वतःची यादी. तुम्ही अमेरिकन नागरिक नसाल तर इमिग्रेशनकडेही विचारणा होते.

उत्तर तीनपैकी एक येतं. प्रोसीड, म्हणजे द्या. डिनाय, म्हणजे देऊ नका. आणि डिलेड, म्हणजे थांबा, बघतो. दहापैकी साधारण नऊ जणांचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

डिलेड म्हणजे नकार का?

नाही. नावाशी जुळणारी एखादी नोंद सापडली आहे आणि ती तुमची आहे की नाही, तुमची असली तर ती आड येते की नाही, हे संगणकाला ठरवता आलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आता ती फाईल एका माणसापुढे जाते.

कारण दुकानदारालाही सांगत नाहीत. त्याला एक व्यवहार क्रमांक मिळतो, एनटीएन, आणि एक तारीख. म्हणून त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. दुकानात चार लोकांसमोर ‘डिलेड’ ऐकलं की आपल्याला उगाच चोरी पकडल्यासारखं वाटतं, हे मात्र खरं. मला पहिल्यांदा वाटलं होतं. काउंटरवरच्या आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, ते असे ‘डिलेड’ रोज बघतात.

माझ्यावर साधी केससुद्धा नाही. मग मीच का अडकलो?

घोडं पेंड खातं ते बहुधा पुढीलपैकी एका ठिकाणी.

पहिलं, नामसाधर्म्य. ही तपासणी बोटांच्या ठशांवर चालत नाही, नाव आणि वर्णनावर चालते. तुमच्याच नावाचा, जवळपासच्या जन्मतारखेचा कुणी दुसऱ्या राज्यात अटक झालेला असेल तर त्याची नोंद तुमच्यासमोर येऊन उभी राहते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा प्रकार.

दुसरं, आणि माझ्या मते खरं दुखणं, म्हणजे अर्धवट नोंदी. अटक झाल्याची नोंद पोलीस करतात. ती केंद्रीय सूचीत जाते. पुढे खटल्याचं काय झालं, सुटला की शिक्षा झाली, हे कोर्टाने कळवायचं असतं. ते कित्येकदा कळवलंच जात नाही. मग निक्सच्या माणसाला त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टात विचारणा पाठवून वाट बघावी लागते. तिथला कारकून रजेवर असेल, जुनी फाईल तळघरातल्या खोक्यात असेल, किंवा उत्तर द्यायचं बंधन नाही म्हणून तो निवांत असेल. वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना झालेली एखादी किरकोळ अटक, जी नंतर रद्दही झाली, ती अशी आज तुमची बंदूक अडवते. तुमच्या मते ते प्रकरण केव्हाच मिटलेलं असतं, पण कागदावर ते मिटवलेलं नसतं.

तिसरं, घरगुती भांडणाचे गुन्हे. नुसती ‘मारहाण’ अशी नोंद असते. ती शेजाऱ्याला केली की बायकोला, यावर कायद्याचा सगळा निकाल अवलंबून. शेजारी असेल तर कदाचित चालेल. जोडीदार असेल तर किरकोळ गुन्हा असूनही बंदी. हे कळायला मूळ पोलीस अहवाल मागवावा लागतो, आणि तो मिळायला वेळ लागतो.

आपल्या नावांमुळे जास्त अडचण येते का?

‘फक्त भारतीय नावांना अडवतात’ असं मी म्हणणार नाही. पण आपली नावं कागदावर किती रूपं घेतात ते बघा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, ग्रीन कार्डावर तेही नाही. लग्नानंतर बायकोचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, पण सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर माहेरचंच. श्रीकांतमधला ‘श’ इंग्रजीत एकीकडे दोन अक्षरांनी, दुसरीकडे एका अक्षराने. यंत्र अक्षरं बघतं, त्याला श्रीकांत कोण हे ठाऊक नसतं.

फॉर्मवर नाव सरकारी ओळखपत्राप्रमाणे पूर्ण लिहायचं. मधलं नाव नसेल तर जागा मोकळी सोडायची नाही, ‘एनएमएन’ लिहायचं. मधल्या नावाच्या जागी खरोखरच नुसतं आद्याक्षर असेल तर अक्षरापुढे ‘आयओ’. पूर्वीचं नाव वेगळं असेल तर विक्रेत्याला ते सांगून ठेवा.

आणि पत्त्यातला तो चौकोन! तिथे काउंटी विचारलेली असते. घाईत आपण ती ‘कंट्री’ वाचतो आणि ‘यूएसए’ लिहून मोकळे होतो. मी स्वतः लिहिलं होतं. आजोबांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला, पेनाच्या टोकाने त्या चौकोनावर दोनदा टकटक केलं, काही बोलले नाहीत. मी खोडून काउंटी लिहिली, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख टाकली. एवढ्याने डिलेड येत नाही, पण असा फॉर्म परत करावा लागतो आणि तेवढीच खोटी होते.

ओळखपत्रावर जुना पत्ता आहे. चालेल?

चालत नाही. सध्याचा पत्ता असलेलं सरकारी छायाचित्र ओळखपत्र हवं, किंवा त्याच्या जोडीला सरकारनेच दिलेला नव्या पत्त्याचा दुसरा कागद, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी. घर बदललं असेल तर आधी लायसन्स बदला.

ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. बंदूक घेता येते का?

येते. केंद्रीय कायद्यात कायमस्वरूपी रहिवाशाला आडकाठी नाही. फॉर्मवर ‘भारत’ लिहायचं आणि ग्रीन कार्डावरचा क्रमांक द्यायचा. त्यानंतर निक्स इमिग्रेशन खात्याकडे वेगळी विचारणा पाठवतं. ती व्हरमाँटमधल्या केंद्रात जाते. तिथून उत्तर येईपर्यंत थांबावं लागू शकतं. क्रमांकातला एक अंक चुकला तर हमखास.

नागरिकत्व मिळालेलं असेल तर फक्त अमेरिकन लिहा. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असल्यामुळे काही जण फॉर्मवर दोन देश लिहितात. ओसीआय हे नागरिकत्व नाही, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ते नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्याने बराच गोंधळ घातला आहे.

आणि एच-वन-बी?

इथे थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक विकत घेणंच नव्हे, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. नोकरीचा एच-वन, कुटुंबीयांचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, सगळे यात आले. मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्याला लागू पडेल असा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हाताशी असणं. तो परवाना विक्रेत्याला दाखवावा लागतो आणि त्याची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे म्हणजे ग्रीन कार्ड मिळालं असं नाही.

नवरा एच-वनवर आणि बायको नागरिक, अशा घरांत प्रश्न फॉर्मपुरता राहत नाही. बंदूक तिच्या नावावर असली तरी ती त्याच्या हाताशी असेल तर ‘बाळगणं’ या शब्दात तो सापडू शकतो. इमिग्रेशनची फाईल चालू असताना हा धोका पत्करू नये, असं माझं मत.

तो ‘तीन दिवसांचा नियम’ काय आहे?

कायदा म्हणतो, निक्सने तीन कामकाजाच्या दिवसांत नकार दिला नाही तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. ‘देऊ शकतो’ यावर जोर. द्यायलाच पाहिजे असं नाही. कित्येक मोठी दुकानं धोरण म्हणून ‘प्रोसीड’ आल्याशिवाय देत नाहीत, आणि तुम्ही कायद्याचं कलम दाखवलंत तरी त्यांना काही फरक पडत नाही.

मोजायचं असं: तपासणीचा दिवस धरायचा नाही. राज्य सरकारची कार्यालयं ज्या दिवशी उघडी, तोच दिवस मोजायचा. गुरुवारी डिलेड आलं, तर शुक्रवार एक, सोमवार दोन, मंगळवार तीन, आणि बंदूक मिळू शकते ती बुधवारी. मध्ये सरकारी सुटी आली की आणखी एक दिवस पुढे. निक्स स्वतः शनिवारी-रविवारीही चालू असतं, पण कोर्टं बंद असतात, आणि उत्तर कोर्टाकडूनच यायचं असतं.

हा नियम आला कुठून? ३० मार्च १९८१ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाच्या कायद्यावर १९९३ साली क्लिंटन यांनी सही केली. सुरुवातीला, फेब्रुवारी १९९४ पासून, पिस्तुलासाठी पाच दिवसांची थांबणूक होती आणि तपासणी स्थानिक पोलीस प्रमुखाने करायची होती. केंद्राने स्थानिक अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ठरवलं. ३० नोव्हेंबर १९९८ला निक्स सुरू झालं, पाच दिवस गेले, आणि सरकारच्या दिरंगाईचा भुर्दंड ग्राहकाला नको म्हणून तीन दिवसांची मर्यादा राहिली.

याची दुसरी बाजू २०१५ साली दिसली. साउथ कॅरोलायनात एका तरुणाने एप्रिलमध्ये पिस्तूल घ्यायला फॉर्म भरला, डिलेड आलं. त्याच्या नावावर अमली पदार्थाच्या प्रकरणातली अटक होती. पण अटक कोणत्या खात्याने केली ही नोंदच चुकीची होती, आणि तपासणाऱ्या व्यक्तीला मूळ अहवाल मिळालाच नाही. तीन दिवस उलटले, दुकानाने पिस्तूल दिलं. १७ जूनला त्याने चार्ल्सटनमधल्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांना ठार केलं. ती विक्री व्हायला नको होती, हे तेव्हाचे एफबीआय प्रमुख जेम्स कोमी यांनी जाहीरपणे मान्य केलं. तेव्हापासून या नियमाला ‘चार्ल्सटनची पळवाट’ म्हणतात. मर्यादा दहा दिवसांची करणारं विधेयक प्रतिनिधिगृहात २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर झालं, सिनेटमध्ये पुढे सरकलं नाही.

आता कुणी म्हणेल, पळवाट. कुणी म्हणेल, हक्काचं संरक्षण. मी दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर रेंजवर उभा राहिलो आहे. मला विचाराल तर दिवस तीन असोत की दहा, चुकीच्या खात्याचं नाव लिहिलेला कागद दहाव्या दिवशीही चुकीचाच असतो.

मुलगा वीस वर्षांचा आहे. त्याला रायफल घ्यायची आहे.

परवानाधारक दुकानातून रायफल किंवा शॉटगन घ्यायला केंद्रीय कायद्याप्रमाणे वय १८ पूर्ण हवं, पिस्तुलाला २१. काही राज्यांत रायफललाही २१.

एकवीसच्या आतल्यांची तपासणी २०२२ पासून जास्त खोल झाली आहे. त्या वर्षी मे महिन्यात टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. गोळ्या घालणारा १८ वर्षांचा होता. २५ जूनला बायडन यांनी सही केलेल्या कायद्यानुसार निक्स आता राज्याच्या बालगुन्हेगारी नोंदी, मानसिक आरोग्याच्या नोंदी आणि स्थानिक पोलीस, तिघांकडे विचारणा करतं. काही संशयास्पद सापडलं तर तीनचे दहा कामकाजाचे दिवस होतात. म्हणजे सुट्या धरून दोन आठवडे. वाढदिवसाला हातात पडेल असं त्याला कबूल करू नका.

माझ्या राज्यात हेच नियम आहेत का?

कदाचित नाहीत. काही राज्यांत दुकानदार एफबीआयला विचारतच नाही, राज्याच्या पोलिसांना विचारतो आणि ते निक्समध्ये बघतात. कॅलिफोर्नियात तपासणी पाच मिनिटांत झाली तरी दहा दिवस थांबावंच लागतं. इलिनॉयमध्ये आधी एफओआयडी कार्ड, म्हणजे राज्याने दिलेलं बंदूकधारकाचं ओळखपत्र, लागतं. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून राज्य पोलीसच तपासणी करतात, काडतुसांचीही, आणि त्याची फी घेतात; एफबीआय स्वतः फी घेत नाही. काही राज्यांत तीन दिवस उलटले तरी ‘प्रोसीड’शिवाय बंदूक देता येत नाही. उलट काही राज्यांत शस्त्र बाळगण्याचा राज्य परवाना असेल तर दुकानात नव्याने निक्स तपासणी करावी लागत नाही, कारण परवाना देतानाच ती झालेली असते.

म्हणून डॅलसच्या मित्राचा अनुभव न्यू जर्सीत लावू नका. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच चालतं.

दुसऱ्या दुकानात गेलो तर?

तीच यंत्रणा, तीच नोंद, तेच उत्तर. पेट्रोल वाया.

महिना झाला, अजून काही नाही. माझी फाईल हरवली का?

बहुधा हरवली नाही. पण इथे दोन घड्याळं चालतात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

तुमची तपासणी सुरू झाल्याच्या तारखेपासून ३० दिवस ग्राह्य. त्या आत बंदूक नेली नाही तर सगळं पहिल्यापासून: पुन्हा तपासणी, पुन्हा एनटीएन. एफबीआय मात्र उत्तर न मिळालेली फाईल ८८ दिवसांपर्यंत धुंडाळू शकतं, त्यानंतर ती यंत्रणेतून काढून टाकली जाते. मधल्या काळात उत्तर आलं तर गंमत होते. समजा चाळिसाव्या दिवशी ‘प्रोसीड’ आलं. बंदूक घ्यायला गेलात तर मुदत केव्हाच संपलेली, म्हणून नवी तपासणी, आणि मूळ नोंद कुणी दुरुस्त केली नसेल तर पुन्हा डिलेड. हे ऐकून एका मित्राने मला विचारलं, ‘‘हे तू आत्ता रचलंस ना?’’ नाही.

फॉर्मवर सही केलेल्या दिवशीच बंदूक हातात पडली नाही तर नेण्याच्या दिवशी त्याच फॉर्मवर पुन्हा सही करून माहिती अजून खरी आहे असं लिहून द्यावं लागतं. ओळखपत्र घरी विसरू नका.

गर्दीच्या काळात उशीर वाढतो का?

वाढतो. थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार, निवडणुकीचा हंगाम, एखादं मोठं संकट. २४ नोव्हेंबर २०१७ या एका शुक्रवारी २ लाख ३ हजारांवर तपासण्या झाल्या. मार्च २०२० मध्ये, करोनाने सगळं बंद होत असताना, महिन्याभरात ३७ लाखांवर. आणि त्या अख्ख्या वर्षात सुमारे ३ कोटी ९७ लाख. तपासणी म्हणजे विक्री नव्हे, परवान्यांच्या तपासण्याही याच आकड्यात असतात. पण क्लार्क्सबर्गमधल्या टेबलांवर भार तितकाच येतो आणि तीन दिवसांचं घड्याळ थांबत नाही. घाई नसेल तर तो आठवडा टाळा.

दर वेळी डिलेडच येतं. यावर कायमचा उपाय?

यूपिन. एफबीआयकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, आणि ‘मी तो नव्हे’ हे सिद्ध करणारे किंवा जुनी केस मिटल्याचे कागद जोडायचे. मान्य झालं की तुमची माहिती एका ऐच्छिक फाईलमध्ये कायम ठेवतात आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो, तोच यूपिन. पुढच्या खरेदीत फॉर्म ४४७३ वर त्यासाठी जागा आहे, तिथे तो लिहायचा. मंजुरीला महिने लागू शकतात, म्हणून बंदूक घ्यायची असेल तेव्हा नव्हे, आधी करून ठेवा.

दुसऱ्या वेळी लटकल्यावर मी तेच केलं. त्यानंतर तीनदा खरेदी झाली, तिन्ही वेळा काउंटरवरच ‘प्रोसीड’. पहिल्या दोन वेळी का अडलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

एक गोष्ट समजून करा: ठसे आणि माहिती तुम्ही आपणहून सरकारकडे ठेवता आहात. काहींना ते पटत नाही. पटत नसेल तर डिलेड सोसायचं.

जुनी केस खरंच तुमची असेल तर यूपिनच्याही आधी ती जिथे चालली त्या काउंटी कोर्टात जा आणि निकालाची प्रमाणित प्रत मिळवा. राज्याच्या नोंदीत तो निकाल चढवायला सांगा. कंटाळवाणं काम आहे. पण मुळावर घाव बसतो तो इथेच.

‘डिनाय’ आलं तर?

एनटीएन मागून घ्या. एफबीआयकडे कारण विचारता येतं आणि निर्णयाला आव्हानही देता येतं, दोन्हीची सोय इंटरनेटवर आहे. आव्हान आल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा असं २०१८च्या कायद्यात आहे. तो कायदाही एका दुर्घटनेतून आला: टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २०१७ साली गोळीबार करणाऱ्याला हवाई दलाच्या कोर्टाने घरगुती हिंसाचारासाठी शिक्षा दिली होती, पण ती हवाई दलाने एफबीआयला कळवलीच नव्हती.

आणखी एक. २०२२च्याच दुसऱ्या एका कायद्याने नकार आला की स्थानिक पोलिसांना चोवीस तासांत कळवलं जातं. चुकून नकार आला असेल तर घाबरू नका. खरंच बंदी असताना ‘नाही’ लिहून सही केली असेल, तर आधी वकिलाशी बोला.

तीन दिवसांनी बंदूक मिळाली आणि मग नकार आला तर?

मग बंदूक परत घ्यायला एटीएफ येतं. घरी बोलावणं किंवा फोन येईल. सहकार्य करा आणि वकिलाला कळवा. बंदूक भावाकडे ठेवून देतो, विकून टाकतो, असले प्रयोग नकोत.

मारिजुआना आमच्या राज्यात कायदेशीर आहे. ‘नाही’ लिहू का?

फॉर्मवरच स्पष्ट इशारा आहे की राज्यात कायदेशीर असली तरी केंद्राच्या लेखी ती बेकायदा. घेत असाल आणि ‘नाही’ लिहिलंत तर ते खोटं विधान, आणि फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गंभीर गुन्हा. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेत असलात तरी.

माझं अडलंय, तर मित्राच्या नावावर घेऊ का?

नाही. दुसऱ्यासाठी, त्याच्या पैशाने, आपल्या नावावर बंदूक घेणं म्हणजे फॉर्मवर खोटं लिहिणं, आणि त्या दुसऱ्याला बंदी आहे हे माहीत असताना घेणं हा २०२२ पासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे. त्याची शिक्षा १५ वर्षांपर्यंत. अडकतात दोघेही. स्वतःच्या पैशाने खरीखुरी भेट देणं वेगळं, पण ज्याला बंदी आहे त्याला भेटही देता येत नाही.

डिलेडची नोंद माझ्या नावावर राहते का? नोकरीत किंवा नागरिकत्वाच्या अर्जात दिसेल?

डिलेड ही गुन्ह्याची नोंद नाही, नोकरीच्या पार्श्वभूमी तपासणीत ती येत नाही. ‘प्रोसीड’ झालेल्या व्यवहारातली तुमची ओळख एफबीआयला चोवीस तासांच्या आत पुसावी लागते. भरलेला फॉर्म ४४७३ दुकानदाराच्या कपाटात राहतो. नकाराची नोंद मात्र राहते.

बंदूक दुरुस्तीला टाकली होती, परत घेताना पुन्हा तपासणी?

तुमचीच बंदूक तुम्हालाच परत मिळत असेल तर नाही. गहाण टाकून सोडवत असाल तर हो.

एफबीआयला रोज फोन केला तर काम लवकर होईल?

होणार नाही. डिलेडचा निकाल विक्रेत्याला कळवतात, तुम्हाला नाही. दुकानात एकदा फोन करून एनटीएन आणि तीन दिवसांनंतरची तारीख लिहून घ्या, ‘प्रोसीड’ नसताना तुमचं दुकान देतं का हे विचारा, आणि देत नसेल तर आगाऊ रकमेचं काय होणार तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या. काही दुकानं साठवणुकीचे पैसे कापतात, आणि ते पावतीच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं.